रझियाचा फोटो

मंगळवार, दिवेलागण

नातीनं रोल आणून दिला म्हणून यांचा जुना कॅमेरा लई वर्षांनी हातात धरला. शहागंजातल्या आमच्या फोटोच्या दुकानात परद्यातल्या बायका यांच्यापुढं बसत नसत. त्यांचे फोटो मीच काढायची, मीच धुवायची. तवाची मैत्रीण रझिया आज आली. तिच्या हैदराबादच्या लेकीकडं आईचा एकबी फोटो नाय. मोबाइलवर नको म्हणती, गावभर फिरतो.

नकाब काढून बसली ती मुडद्यावानी ताठ. मी खटका दाबला आन कॅमेरा उलटा करून मागं फोटो बघाया लागले! रोल धुतल्याबिगर काय दिसणार, डोंबल? मोबाइलनं सवय लावलीय मेली.

"अगे दीवानी, उसमें क्या दिखता?" म्हणत रझिया बोळकं उघडून अशी हसली, की मी पटकन दुसरा काढला. हात हलला का, काय माहीत. मीबी हसत होते.

"वो नक्को भेज गे, दातां नैं."

"लेकीला आई पायजे का दात?"

मग नकाब बांधता बांधता म्हणती, "दोनों भेज. वो सीधा वाला दामाद के वास्ते."