एका कॅप्सूलमधली दोन औषधं

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

केलं एकदाचं! जेवणानंतर ह्यांच्या तळहातावर प्रोस्टेटची कॅप्सूल न ठेवता जीवनसत्त्वाची ठेवली. रंग जवळपास तोच. ह्यांनी पाण्याबरोबर घेतली आणि बातम्या लावल्या.

परवा टॅबवर एक परदेशी लेख वाचला. प्रोस्टेट लहान करणारं औषध घेणाऱ्या पुरुषांमध्ये विषाणूंमुळे होणारी सर्दी-तापाची दुखणी थोडी जास्त दिसली म्हणे. ‘थोडी’ आणि ‘खात्री नाही’ हेही लिहिलं होतं. वाचलं मी ते. पण जानेवारीत फ्लूचा न्यूमोनिया झाला, तेव्हा अकरा दिवस ह्यांची छाती वरखाली होताना मी आयसीयूच्या काचेतून पाहत होते. आता पुन्हा थंडी येतेय.

डॉक्टरांना विचारायला हवं होतं. ते हसले असते — म्हणून नाही विचारलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

रोज जीवनसत्त्वाचीच देतेय. शिंक नाही, खोकला नाही. बरं वाटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

तळजाई टेकडीवर फिरायला गेलेले हे अर्ध्यातून परत आले. थेट बाथरूममध्ये. बराच वेळ. ‘थंडीने होतं गं,’ म्हणाले.

‘अहो, संध्याकाळी चहा कमी करा.’

‘एवढंच सुख उरलंय, तेही बंद कर!’

हसले मी. हसायला नको होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सोसायटीचं इंग्रजी पत्र आलं. ह्यांनी न उघडताच माझ्यापुढे ठेवलं — ‘परराष्ट्र खात्याकडे.’ लग्न झाल्यापासून हेच. हे वाईच्या मराठी शाळेतले, मी कॉन्व्हेंटमधली. सुरुवातीला बँकेतसुद्धा मला शेजारी उभी करायचे, आणि कारकुनाला अभिमानाने सांगायचे, ‘ही वाचेल.’ तेव्हा लाज वाटायची. नंतर आवडायला लागलं. फार आवडायला लागलं, असंच म्हणायला हवं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

साताऱ्याला लग्नाला निघालो होतो. स्वारगेटला बस लागायच्या आधी हे तीनदा मुतारीत जाऊन आले. तिसऱ्यांदा आले ते भिंतीला धरून. घामाने शर्ट ओला. ‘होतच नाहीये गं!’ पोट दगडासारखं.

रिक्षाने सरळ हॉस्पिटल. नळी घातली. ह्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की नर्ससुद्धा हसली, ‘आजोबा, आता बरं वाटतंय ना?’ मी बाहेर जाऊन रडले.

रविवार, २३ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, ‘गोळ्या चालू असताना लघवी अडली, म्हणजे औषध पुरेना. ऑपरेशन करून टाकू. बुधवारी.’ मग विचारलं, ‘मधे चुकली नव्हती ना?’

हे म्हणाले, ‘एकही नाही. हिच्या हातून घेतो मी.’

मी चादरीची घडी सारखी करत राहिले. पंचाहत्तरीचा माणूस, जानेवारीतली ती छाती — आणि भूल! तरी तोंड उघडलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

चैताली खराडीहून ऑफिसला दांडी मारून आली. आमची लेक, बापाची जास्त. औषधांची पिशवी आवरताना पाकीट उजेडात धरून म्हणाली, ‘आई, ह्या एकाच कॅप्सूलमध्ये दोन मेडिसिन्स आहेत. एक प्रोस्टेट श्रिंक करणारं, दुसरं लघवीची वाट मोकळी ठेवणारं. तुला माहीत होतं?’

नव्हतं. लेखातलं एक नाव पाकिटावर सापडलं आणि मी तिथेच थांबले. पुढचं बारीक अक्षरातलं नाव वाचलंच नाही. घरातले सगळे इंग्रजी कागद वाचणारी मी!

शाळेत शुक्रवारी सिस्टर बर्नाडेट आमच्याकडून आपापली चूक चिठ्ठीवर लिहून घ्यायच्या, नाव न घालता. माझं वळणदार अक्षर त्या लगेच ओळखायच्या, तरी कधी बोलल्या नाहीत. आज चिठ्ठीने भागणार नव्हतं.

दुपारी डॉक्टरांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. तीन आठवडे, जीवनसत्त्व, लेख — सगळं.

‘तो लेख मीही वाचलाय, बाई. अशा आकड्यांवरून आपणच एका माणसाचं औषध बंद करायचं नसतं. फोन करायचात की मला!’

ऑपरेशन तूर्त रद्द. कॅप्सूल पुन्हा सुरू, काही दिवसांनी नळी काढून बघायचं.

‘त्यांना तुम्हीच सांगा,’ म्हणाले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सांगितलं. हे म्हणाले,

‘पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती कॅप्सूल कडक असते, ही बोटात दबली. म्हटलं, तू काहीतरी वाचलं असशील.’

‘आणि ऑपरेशन?’

‘करून घेतलं असतं. डॉक्टरांसमोर तुझं नाव कशाला घ्यायचं?’