कमिटी कळवेल

पप्पा,

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. तुळिंजमध्ये मी भाड्याने राहते ती इमारत धोकादायक ठरली. महिनाअखेर घर खाली करायचं आहे.
२. माणिकपूरला आपल्या जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा आहे. मालक मला द्यायला तयार आहेत, कमिटीची संमती आणा म्हणाले.
३. मी अर्ज दिला. कमिटीने बोलावलं, चहा पाजला आणि 'कळवतो' म्हणाली.
४. अजून कळवलेलं नाही.

हे 'कळवतो' तुमचं आहे. तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली, आपला फ्लॅट विकून आई दादाकडे पुण्याला गेली, पण तुमची ही पद्धत त्या इमारतीत तशीच चालू आहे. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी असताना रविवारी सकाळी घर मागायला आलेले भाडेकरू आपल्या हॉलमध्ये येऊन बसायचे. तुम्ही गाव विचारायचात, पूर्ण नाव विचारायचात, आवाज न चढवता. कुणालाही तुम्ही तोंडावर 'नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही. मासे खाता म्हणून गिरगावात तुम्हाला खोली नाकारली होती, ते तुम्ही जेवताना कितीदा सांगितलंत. सेक्रेटरी झाल्यावर पहिलं काम केलंत ते 'इथे मासे चालतात' असा ठराव करण्याचं. मला केवढा अभिमान वाटला होता. मग एक दिवस तुमच्या ऑफिसातले चाचा आले, दर ईदला आपल्याकडे शीरखुर्मा पाठवणारे. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याला घर हवं होतं. 'कळवतो' म्हणालात. त्या वर्षीही शीरखुर्मा आला. रिकामा डबा परत कसा द्यायचा म्हणून आईने त्यात लाडू भरले.

आणि बाई. आठवीत मला भूमिती शिकवणाऱ्या. त्या सोफ्याच्या कडेला बसल्या आहेत, पर्स मांडीवर. तुम्ही विचारता, "मिस्टर कुठे असतात?" त्या सांगतात, "मी एकटीच असते." तुम्ही "छान, छान" म्हणता आणि चहा बशीत ओतता. पुढचे कित्येक दिवस बाई मला वर्गाबाहेर गाठून विचारायच्या, "काय गं, पप्पा काही म्हणाले का?" मी सांगायचे, "मीटिंग व्हायचीये, बाई." शेवटी मी स्वयंपाकघरात तुमच्यापाशी आले. तुम्ही बोंबील साफ करत होतात.

"पप्पा, नाहीच द्यायचं तर सांगून टाका ना त्यांना."

"अगं, नाही म्हटलं की माणूस दुखावतो. गप्प राहिलं की आपोआप समजतो."

"त्या मला रोज विचारतात."

"मग तूही गप्प राहा."

काही दिवसांनी बाईंनी विचारणं सोडलं. तुम्ही म्हणालात, "बघ, समजलं की नाही?"

आता माझी पाळी. तुमच्यानंतर पहिल्या मजल्यावरचे काका सेक्रेटरी झाले; कमिटी त्यांच्याच घरी बसली होती. "अगं, तू म्हणजे घरचीच पोरगी," ते म्हणाले. "पण एकट्या बाईमाणसाला द्यायचं नाही हा रूल कोणी केला, माहितीये? तुझ्या पप्पांनी!" सगळे हसले. मीही हसले. काकू आतून म्हणाल्या, "लग्नाचं मनावर घे की आता. नवऱ्याला घेऊन ये, हे दुसऱ्या दिवशी एनओसी देतील." निघताना काका जिन्यापर्यंत आले. "तू त्या बिल्डिंगा तपासतेस ना? जरा हा बीम बघ बेटा. घरचंच काम आहे." मी बघितला. प्लास्टर सुटलं आहे, आतल्या सळ्या गंजून फुगल्या आहेत. आधी टेकू लावा आणि रीतसर तपासणी करून घ्या, असं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी टेकू लागले. म्हणजे माझं बोलणं त्यांना समजतं आणि कामही वेळेत करता येतं.

रागाने लिहायला बसले होते. तुम्ही बाईंशी जसे वागलात तसंच तुमच्या मुलीच्या वाट्याला आलं, हे तुम्हाला ऐकवायचं होतं. ते खरंच आहे. पण अर्जाच्या पहिल्या ओळीत मी माझं शिक्षण लिहिलं नाही, नोकरी लिहिली नाही. 'माजी सेक्रेटरींची मुलगी' असं लिहिलं. नियम चुकीचा आहे असं एका शब्दानेही म्हटलं नाही. बाईंना आणि चाचांना जे मिळालं नाही ते मला तुमच्या नावावर मिळावं, एवढंच मला हवं होतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तरी विचारते, कारण त्या इमारतीत कुणीच उत्तर देत नाही. मालक शनिवारपर्यंत थांबणार आहेत. हो किंवा नाही, जे असेल ते शुक्रवारपर्यंत कळवा.