नाव नाही त्याला डबा नाही

१ डिसेंबर, सोमवार
मार्केटातली कॉम्प्युटर ऑपरेटरची नोकरी शनिवारी सोडली. साड्यांची बिलं काढत बसणं हे माझं क्षेत्रच नव्हे. ऑनलाइन कोर्स पुरा झाला. आजपासून मी, वाल्मिक उखा पाटील, बिझनेस डिझाइन ॲनालिस्ट. लागणारी कौशल्यं: निरीक्षण, ऐकून घेणं, प्रोसेसचा नकाशा, उपाय, अंमलबजावणी. सगळी अंगात आहेतच. 'ऐकून घेणं' हा धडा फार लांबवला होता. दुप्पट वेगाने पाहिला.
उज्ज्वलाला सांगितलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, म्हणजे आता सगळं घर माझ्या एकटीच्या खानावळीवर? म्हटलं, फक्त तीन महिने.

२ डिसेंबर
१८ तारखेला पर्वत पाटिया भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत इंटरव्ह्यू. केस स्टडी घेऊन या म्हणाले. कुठून आणू? दुपारभर येरझाऱ्या. मग सुचलं. काखेत कळसा! उज्ज्वलाची खानावळ. आमच्या डिंडोलीतले अठरा लूम कामगार, म्हणजे यंत्रमागावरची माणसं, जेवतात. कोण कधी येणार, कुणाला काय लागतं, सगळं हिच्या डोक्यात. सिस्टिम शून्य.
संकल्प: रोज सकाळी सहाला उठून निरीक्षण.

३ डिसेंबर, सकाळी १०
उठलो. निरीक्षण: स्वयंपाक झालेला होता.

५ डिसेंबर
स्टेकहोल्डर इंटरव्ह्यू. सुकदेव हा त्यांच्यातला पुढारी. कधी जेवतोस, विचारलं. 'आते दिनपाळी शे म्हनीसन...' असं लांबण लावायला लागला. तेवढं पुरे. दिनपाळी, टिक. हेमराज रातपाळी, टिक. नऊ दिवसाचे, नऊ रात्रीचे. केवढी सुबक विभागणी!
माझे वडील, आबा, तेही खाटेवरून पाळीबद्दल काहीतरी सांगत होते. तीस वर्षं लूम चालवून त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून बोलतात. मी त्यांच्याहून मोठ्याने सांगितलं की रिटायर माणूस स्टेकहोल्डर धरत नाहीत.

८ डिसेंबर
डिझाइन तयार. दिनपाळीला लाल डबा: भाकरी, ठेचा, दुपारी खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, पोच. रातपाळीला निळा: पोळी, वरण-भात, संध्याकाळी. प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटने नाव. उज्ज्वला म्हणाली, अहो, खडूने लिहा. ब्रँडिंग म्हणजे काय ते तिला समजावलं. ती म्हणाली, खडूने का ते तरी ऐकाल? तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी निघालो, पेंट वाळत होता.

११ डिसेंबर
तीन दिवस डबे टायमावर. नियम एकच: नाव नाही त्याला डबा नाही. काल एकजण रजेवरच्या भावाचा डबा मागत होता. नाही दिला. शिस्त!
सुकदेव 'भारी शे भाऊ' म्हणाला. उज्ज्वलाही हसली. इतकी वर्षं तिच्या धंद्याला माझा हात लागला नव्हता. खरंच बरं वाटलं. बारा स्लाइड झाल्या.

१६ डिसेंबर, दुपारी ३
लाल डबे घेऊन खात्यात गेलो. एकही लाल माणूस नाही! लूमवर सगळे निळे. लाल सगळे खोलीवर घोरत पडलेले. पाळी बदलली म्हणे. दर पंधरवड्याला बदलते म्हणे.
हेमराजने हात पुढे केला. लूमच्या खडखडाटात ओरडला, 'नाव ऱ्हाऊ दे, जेवन दे भो!' मी त्याला नियम सांगितला. नऊही डबे भरलेले परत आणले. अख्खी पाळी उपाशी उभी राहिली.
अंमलबजावणी मात्र शंभर टक्के.

१६ डिसेंबर, संध्याकाळी
उज्ज्वलाने डबे उघडले, बंद केले. आबा म्हणाले, 'पाळी बदलनी व्हई.' आणि एकदम आठवलं. लहानपणी अर्धा महिना आम्ही दिवसभर कुजबुजत बोलायचो, कारण आबा झोपलेले असायचे. जोरात हसलो की आई पाठीत धपाटा घालायची. आणि मी खडूचं कारण ऐकून घ्यायला थांबलो नाही. फार लाज वाटली.
कोर्समध्येही हा मुद्दा यायला हवा होता. तसं कळवणार.

१७ डिसेंबर
अकरा माणसं धुरपदाबाईच्या खानावळीत गेली. परात भरून कणीक उरली. उज्ज्वलाने ती ओल्या फडक्याने झाकली. पुढच्या महिन्याचं घरभाडं कशातून द्यायचं, एवढंच विचारलं. माझ्याकडे त्याची स्लाइड नव्हती.

१८ डिसेंबर
इंटरव्ह्यू. समोर गायत्री मॅडम. क्लायंटचा फीडबॅक काय, म्हणाल्या. क्लायंट परवापासून माझ्याशी घरभाडं सोडून काही बोलत नाही, म्हटलं. मग जेवणाऱ्या लोकांचं म्हणणं काय होतं? मी स्लाइड दाखवत गेलो. त्या दोनदा मध्ये बोलायला गेल्या. थांबा मॅडम, म्हटलं, पुढच्या स्लाइडवर येतंय. शेवटी कळवतो म्हणाल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

२३ डिसेंबर
फोन नाही. डिंडोलीत नेटवर्कचा प्रॉब्लेम आहेच.
काल उज्ज्वला स्वतः खात्यात जाऊन आली. काय बोलली माहीत नाही. सगळे परत येणार. हेमराजची अट: डबे भाऊंनी आणले तरी चालतील, पण बोलायचं नाही.
दोन दिवस टर्पेंटाइनने नावं घासतोय. नखं लाल-निळी झालीत.

२६ डिसेंबर
डबे घेऊन गेलो. कोणता कुणाचा, बघितलं नाही. ज्याने हात पुढे केला त्याला दिला.
परभणीकडचा पांडुरंग म्हणून एकजण खात्यात नवा लागलाय. नवीनच ठेवलं का तुला ताईनं, म्हणाला. मी मान हलवली. मग जवळ येऊन सांगायला लागला: 'बाईचं जेवण लई चांगलं. पण तिचा नवरा म्हणं कोणी मोठा साहेब हाय. भरलेले डबे वापस नेले त्यानं. माणसं उपाशी. तू जरा जपून ऱ्हाय त्याच्यापासून.' शेजारी हेमराज खाली मान घालून जेवत होता, खांदे हलत होते.
तोंडाशी पुष्कळ आलं होतं. पण अट होती. सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
मग त्याने विचारलं, तुला काय देते ती? याला मान हलवून भागेना.
दोन वेळचं जेवण, म्हटलं. तेही नाव न बघता.