सुपारी फुटली नाही, त्याला कारण अव्यक्त आलेख

गेवराई

आदरणीय विठ्ठलराव,

तुम्हाला व वहिनींना नमस्कार. गुडघा आता वाकत असेल अशी आशा करतो. इकडे तुमच्या भगिनी मुक्ताबाई खुशाल आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

आमची लेक रोहिणी हिच्यासाठी तुम्ही आणलेलं स्थळ परवा ऐन सुपारीच्या बैठकीत मोडलं, हे कानावर आलंच असेल (तुम्ही हजर नव्हता, हे तुमच्या गुडघ्याचे उपकार). पण दोष कुणाचा, ते माझ्याकडून ऐका. दोष गणिताचा. माझ्या मुलाची मुलगी सायली, वय वर्षं सहा, सुट्टीला आली आहे. तिच्या बापानं फोनवर सांगितलं, की तो कंपनीत 'अव्यक्त आलेखा'चं काम करतो. झालं, ते काय असतं म्हणून पोरीनं माझा पिच्छा पुरवला. छत्तीस वर्षं गणित शिकवून मी दमलेलो, तरी सांगितलं. साधा आलेख म्हणजे कागदावरचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. अव्यक्त आलेखात रेघा काढतच नाहीत, नुसता नियम ठेवतात. कोणतेही दोन ठिपके घ्या, नियम लावा, रेघ आहे की नाही ते कळतं. तिला काही उमजेना. मग घरचं उदाहरण दिलं: माणसं म्हणजे ठिपके, लग्न जमत असेल तर रेघ. अख्ख्या जिल्ह्याच्या रेघा कोण काढत बसणार? नियम एकच, दोघांचं देवक, म्हणजे कुळानं पुजायचं झाड, एक असलं की रेघ नाही. (वर्गात हे कुणाला कधी समजलं नाही. हिला लगेच समजलं.) पुढे चार दिवस ती दिसेल त्याला देवक विचारत हिंडली. दूधवाला सटवा आता दूध फाटकातच ठेवून पळतो.

बैठकीत आडनावं वेगळी म्हणून देवकाचा विषय कुणी काढलाच नव्हता. ताट मांडलेलं, आणि ही मुलाच्या आजोबांना विचारते, "तुमचं देवक कोणतं हाय?" ते कौतुकानं म्हणाले, "कळंब हाय बाळा. कावून?"

"आमचं बी कळंबच. मंग रेघ न्हाई."

मंडळी चहा न घेता उठली. मला आता कुणाशी वाद घालायचं त्राण उरलेलं नाही.

आपला,
गहिनीनाथ

ता. क. दुसरं स्थळ बघू नका. बीडला क्लासच्या जवळ मुलींसाठी एखादी खोली बघा. रोहिणीला दोन वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा आहे. तीन महिने ती माझ्यापुढं रडली आणि तुमच्यापुढं तोंड उघडायचं मला धाडस झालं नाही, याची लाज वाटते.

आणखी एक. मुलाकडचं देवक मला महिनाभर आधी ठाऊक होतं. सायलीला उदाहरण एसटीच्या थांब्यांचंही देता आलं असतं. आणि त्या दिवशी "जा, त्या आजोबांजवळ बस" म्हणून तिला पाठवलं, तेही मीच.