तीन टिंबांचं पिस्तूल

५ सप्टेंबर, गुरुवार

घेतलं एकदाचं! साडेतीन हजार क्राउन. लष्करानं मोडीत काढलेलं, ज्याला सगळे नुसतं ‘ब्याऐंशी’ म्हणतात ते. काळा रंग कडांवरून उडालाय, मुठीचं तपकिरी प्लास्टिक कुणीतरी दातांनी चावल्यासारखं. नळीजवळ बारीक आकडा — ८७, बनवल्याचं साल. म्हणजे आपल्याच गावच्या कारखान्यातलं, मी शाळेत होते तेव्हाचं. दुकानात अशी अकरा एका खोक्यात पडली होती, बटाट्यांसारखी. महागडी मात्र काचेत, दिव्याखाली.

कामिलचं स्विस पिस्तूल सत्तर हजारांचं. दातांचा डॉक्टर तो, गावाच्या दाढांवर चाललंय त्याचं. मी शाळेच्या खानावळीत सूप ढवळते. मला बटाट्यांच्या खोक्यातलंच शोभतं.

७ सप्टेंबर, शनिवार

सरावात शंभरात एकाहत्तर. लाज!

सहा वर्षं या नेमबाजीच्या क्लबात आहे. दर सामन्याला गुलाश माझा, कॉफी माझी, नंतरची भांडीही माझीच. सामन्यात रेषेवर उभी मात्र एकदाही नाही. यंदा जिल्ह्याच्या सामन्याला तिघांचा संघ जाणार. दोघं ठरलेत — आमचा अध्यक्ष राडोवान आणि त्याचा मेहुणा. तिसरी जागा माझी किंवा कामिलची. अठ्ठावीस तारखेला जो जास्त मारेल त्याची. मला ती हवी आहे. इथं लिहायला काय हरकत — फार हवी आहे.

राडोवाननं माझं पिस्तूल हातात घेतलं, तोललं, परत दिलं. म्हणाला, “व्लास्ता, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून अडकवायला बरं आहे.” सगळे हसले. कामिल हसला नाही. माझंच वापर म्हणाला, मनापासून. त्याचाच जास्त राग आला.

रात्रीचं सूप वाढताना बाबांना सांगून टाकलं — सोमवारी परत करते, लोखंडाचा तुकडा आहे नुसता. बाबांनी चमचा उचलला. चमचा ओठांपर्यंत जाईतो अर्धं सूप शर्टावर. हात आता फारच कापतात. मग म्हणाले, आधी साफ तरी करून देतो. बरं म्हटलं. त्यांना काहीतरी काम.

९ सप्टेंबर, सोमवार

दोन दिवस झाले, शेडमध्ये ठकठक चाललीय. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार नीट करतोय म्हणतात. हातोडी बोटावर पडली की मग कळेल. पिस्तूल अजून त्यांच्याकडेच. दुकानात जायचं राहिलं.

१० सप्टेंबर, मंगळवार

काय दिवस!

कामावरून आले तर बाबा स्वयंपाकघरात. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर माझं पिस्तूल, मूठ काढलेली. म्हणाले, चष्मा लाव आणि बघ. मुठीखालच्या लोखंडावर तीन बारीक टिंबं, त्रिकोणात. चकचकीत.

“माझी खूण आहे ती,” म्हणाले. “मी स्वतः चालवून पास केलं, तरच ही खूण.”

मला आधी खरंच वाटेना. लहानपणी रोज सकाळी साडेपाचला बाबा डबा घेऊन कारखान्याच्या फाटकातून आत जायचे, ते याच कामाला हे माहीत होतं. पण हजारो पिस्तुलांतलं नेमकं हे माझ्याकडे? टिंबं इतकी ताजी कशी, तेही विचारलं. मुठीखाली हवा लागत नाही म्हणाले. खरंय.

मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “भोक किती हजारांच्या पिस्तुलानं पाडलं, ते कागदाला कळत नाही, व्लास्ता. हे पिस्तूल चुकायचं नाही. चुकलीस तर तू.” असं उत्तेजन फक्त माझेच बाबा देऊ शकतात. टकलाचा मुका घेतला. ओरडले, तेलाचे हात लावू नकोस.

परत करणं रद्द.

१४ सप्टेंबर, शनिवार

चौऱ्याऐंशी!! चाप ओढताना तळहाताखाली ती टिंबं आहेत एवढंच डोक्यात ठेवलं. एकाहत्तर मारले त्या दिवशी मी चापाला घाबरत होते — आता कळतंय.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज कामिललाच राहवलं नाही. म्हणाला, कोणतं पिस्तूल चांगलं, खरं-खोटं करूनच टाकू. वाळूच्या पिशव्या रचल्या, दोन्ही पिस्तुलं आळीपाळीनं त्यांवर टेकवली. हात त्याचाच, पाच-पाच गोळ्या, पंचवीस मीटर. दोन्ही कागद शेजारी धरले. त्याच्या पिस्तुलाच्या पाचही भोकांवर बिअरच्या मगाखालचा पुठ्ठा बरोबर बसला. माझ्या पाचांवरही तोच बसला. राडोवाननं पुठ्ठा तीनदा फिरवून पाहिला, जणू पुठ्ठाच खोटा.

कामिलनं दोन्ही कागद माझ्या हातात दिले. मग मला म्हणाला, “मग माझे साडेसहासष्ट हजार कुठं गेले?” मी म्हटलं, पॉलिशमध्ये. तो इतका हसला की खाली बसला. चांगला माणूस आहे. हरवायचा आहे, पण चांगला आहे.

टिंबांचं क्लबात कुणाला सांगितलं नाही. ते माझं आणि बाबांचं.

२८ सप्टेंबर, शनिवार

एक्क्याण्णव. कामिल एकोणनव्वद. मी संघात!

घरी आले, दारातूनच आकडा ओरडले. बाबा नुसतं म्हणाले, “नऊ कुठं गेले?” आणि रुमाल काढून नाक शिंकरत बसले, बराच वेळ.

६ ऑक्टोबर, रविवार

बाबांना आज औषधाच्या डबीचं झाकण उघडेना. मी पुढे झाले तर हात झटकला. मग स्वतःच डबी माझ्यापुढे ठेवली. वाईट वाटलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

जिल्ह्याचा सामना. थंडी कडाक्याची. बाबांना गोधडीत गुंडाळून गाडीतून नेलं. मांडीवर प्लम भरलेल्या गोड पावांचा, कोलाचांचा डबा, ते सगळ्यांना वाटत होते. शेजारच्या रेषेवरच्या बाईनं माझ्या ब्याऐंशीकडे असं पाहिलं, जणू मी झाडू घेऊन उभी आहे.

ब्याण्णव! आमचा संघ तिसरा. राडोवाननं सगळ्यांसमोर मला मिठी मारली. म्हणाला, गुलाश मात्र पुढेही तुझाच. आज गुलाश कामिलनं केला होता. खारट होता, पण मी बोलले नाही.

येताना गाडीत बाबांनी विचारलं, शेवटच्या गोळीला काय विचार करत होतीस? तुमचा, म्हटलं. खिडकीबाहेर बघत बसले.

१३ ऑक्टोबर, रविवार

दुपारी हिनेककाका आले. बाबांचे कारखान्यातले सोबती, अभिनंदनाला प्लमच्या दारूची, स्लिवोवित्सची बाटली घेऊन. बाबा आत झोपलेले. पहिल्या पेल्यावर मला राहवलं नाही, टिंबांची गोष्ट सांगून टाकली.

काकांनी पेला खाली ठेवला. पिस्तुलावरचा आकडा विचारला. सत्त्याऐंशी, म्हटलं.

“पोरी, सत्त्याऐंशीला तुझा बाप माझ्याबरोबर ट्रॅक्टरचे पंप जोडत होता.”

चौऱ्याऐंशी साली बाबांचे धाकटे भाऊ सीमा ओलांडून पश्चिमेला पळून गेले, ते माहीत होतं. पळालेल्याचा भाऊ म्हणून पुढच्याच आठवड्यात बाबांना पिस्तुलांच्या कामावरून काढलं, ते माहीत नव्हतं. परत कधी हात लावू दिला नाही. घरी कधी बोलले नाहीत. फाटक तेच, डबा तोच, आम्हाला काय कळणार! आणि खूण? तपासनिसांची खूण म्हणजे गोलात नंबर, काका म्हणाले. बाबांचा सतरा. टिंबं कुणाचीच नव्हती.

बाबा उठले तेव्हा काका हवापाण्याचं बोलू लागले. मीही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

खिळे आणायला शेडमध्ये गेले. खुराड्याचं दार होतं तसंच एका बिजागरीवर लोंबतंय. बाकाखाली पोत्यात गुंडाळलेली लोखंडी पट्टी सापडली. तिच्यावर टिंबं. तीन-तीन, ओळींवर ओळी, दोन्ही बाजूंनी भरलेल्या. पहिल्या ओळींतली कुठच्या कुठे गेलेली. शेवटचे चार त्रिकोण अगदी नीट.

पट्टी होती तशी गुंडाळून ठेवली. आत आले. बाबांनी विचारलं, खिळे मिळाले का? मिळाले म्हटलं.