नाकेश्वराची हनुवटी

६ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुमच्याकडे फोन नेहमी वहिनीच उचलते, आणि हे इतक्यात तिच्या कानावर नको, म्हणून पत्र. तुझ्या नाकेश्वराचा भाऊ सापडलाय! तेच चांदीचं नाणं, तोच नाकाड्या राजा, ऑनलाइन लिलावात. बोली १५ तारखेच्या रविवारी दुपारी चारला बंद होते.

भिंगं कापायच्या नव्या यंत्रासाठी साठवलेले पैसे आहेत, ते सगळे लावायचं म्हणते. तुझ्या नाण्याची किंमत वर्षात दुप्पट झाली, असं तूच छाती फुगवून सांगितलंस ना? मग यंत्र पुढच्या वर्षी ऐटीत घेऊ. जुन्यानं परवा एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच फोडली, पण रेटेन कसंतरी. दादाला विचारलंय, असं ह्यांना सांगून बसलेय, तेव्हा होकार लवकर धाड. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस अ. आ. उ. वि.

पत्र पावलं. लिलाव ही मयसभा आहे. जमीन समजून पाऊल टाकावं तिथं पाणी निघतं. इकडे सर्व क्षेम. मी घरात चष्मा आणि नाकेश्वर एवढंच पुसतो, भांड्यांकडे ढुंकून पाहत नाही, अशी तुझ्या वहिनीची तक्रार चालू आहे.

होकार-नकार देत नाही. मी नको म्हटलं की तू हटकून तेच करतेस, हा चाळीस वर्षांचा अनुभव. सोबत नाकेश्वराचा ठसा आहे. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली. लिलावातल्या फोटोशेजारी तो ठेव. नाक पाहू नकोस, नाक सगळेच पाहतात. हनुवटी पाहा. दिवसभर लोकांच्या डोळ्यांना भिंगं लावतेस, एकदा स्वतःच्या लाव. आणि हे रविवारच्या आत. एवढी एक आज्ञा समज.

तुझा दादा

१५ मार्च, रविवार

ती. दादास सा. न. वि. वि.

बोली लावली नाही!

काल तुझं पाकीट आलं. फोटो मोठा करून दहापटीच्या भिंगानं पाहिला. तुझ्या राजाच्या हनुवटीखाली जी तिरकी खोच, तीच ह्याच्याही. शेजारचे दोन ठिपकेसुद्धा तस्सेच. हातोहात फिरलेल्या दोन नाण्यांना एकाच जागी एकसारखा मार बसेल कसा? एकाच साच्यात ओतलेली खोटी जुळी ही. लिलाववाल्यांना दोन्ही चित्रं पाठवली. आज बारा वाजता त्यांनी नाणं लिलावातून उतरवलं. इतकं हलकं वाटलं की दुकान बंद करून एकटीनं दोन आइस्क्रीमं खाल्ली. यंत्र उद्याच मागवते.

पण दादा, म्हणजे तुझंही... तीन कागद फाडले हे लिहिताना. वहिनीला मी सांगणार नाही. फक्त एक सांग, नेमकी हनुवटीच पाहा, हे तुला कसं सुचलं?

तुझी चिमणी

१९ मार्च

चि. चिमणीस अ. आ. उ. वि.

सुचलं नाही, ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी नाकेश्वराला एका नाणेवाल्याकडे नेलं होतं. त्यानं खणातून आणखी तीन नाकेश्वर काढून ठेवले. तिघांचीही हनुवटी फुटकी. घरी आलो आणि वहिनीला म्हणालो, किंमत दुप्पट झाली. खोटं बोलायचा सराव नसला की माणूस मापात बोलत नाही. ते तुझ्या यंत्रापर्यंत पोचेल, हे मात्र ध्यानीमनी नव्हतं. तुला खरं लिहायला बसलो, तर हात पेनाऐवजी पेन्सिलीकडे गेला.

तुझं पत्र आलं तसं वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, नाणं घरात आलं त्या पहिल्याच आठवड्यात केर काढताना ते तिच्या हातून पडलं, तेव्हा खणकन वाजायचं सोडून थप्प वाजलं होतं. माझी ऐट मोडू नये म्हणून बिचारी गप्प. आठ महिने आम्ही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. फार हसलो दोघं. आता नाकेश्वर जेवणाच्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली आहे, टेबल हलायचं थांबलंय, आणि मी भांडी पुसतो.

मायेत कसर नको. नव्या यंत्रावर पहिली काच माझ्या चष्म्याची काप. मला जवळचं दिसत नाही, हे आता सिद्धच झालंय.

तुझा दादा