हिरवळीची माझ्याकडची बाजू

२० जून १९९३
सोसायटीच्या हिरवळीवर पुन्हा गोल तपकिरी डाग. सकाळी पात्यांवर पांढरे धागे. बुरशीच. मिठागरावर भरणी टाकून बिल्डरने वर बोटभर लाल माती पसरली. पाणी मुरणार कुठे? त्यात माळी युरिया मारतो. बंद करवला. त्याचं तोंड वाकडं.
जिन्यात सेक्रेटरी जयंतीभाई. "बेन, गणपतीपर्यंत ठीक नाय झाला तर टाइल्स टाकू. पार्किंग होईल." ही हरळी मी लावली, मीच राखली. टाइल्स म्हणे!

२६ जून
हिवाळ्यात जवळच्या मुर्धा गावच्या कोळणीकडून मासळीची डोकी, काटे आणून पंपरूममागे पालापाचोळ्यात कुजवले होते. आता काळं, भुसभुशीत, नुसता मातीचा वास. चाळून निम्म्या हिरवळीवर पातळ थर दिला, खारटपणावर उतारा म्हणून थोडं जिप्सम. उरलेल्या निम्म्यावर कमिटीची औषधाची पावडर. होऊ दे तुलना.
हे म्हणाले, "बी.एस्सी. कामाला आली म्हणायची." मी बॉटनी शिकले नि जन्म गेला बँकेच्या काउंटरवर. ह्यांना विनोद सुचतात.

२४ जुलै
पावसाने कमिटीची बाजू सडली. माझ्याकडचे डाग कडेने भरतायत. कमिटीतलं कोणी बघायला फिरकलं नाही.
वरच्या शिर्केवहिनी तेवढ्या थांबल्या. "काकू, काय दाट झालंय हो! गणपतीला दूर्वा इथल्याच नेणार." बरं वाटलं. उगाच.

८ ऑगस्ट
जयंतीभाईंच्या बायकोला अनवाणी चालताना पायात बारीक काटा गेला. चाळणीतून निसटलेला. हातात धरून बिल्डिंगभर ओरडत फिरली, "ये मच्छी का काँटा है! इधर का घास भगवान को चढ़ता है!"
मला विचारलं. हो म्हटलं. मासळीच होती, आता माती आहे. खोटं कशाला बोलू? वर मी असंही बोलले की तुमची भाजी उगवते त्या मातीत काय काय मेलंय ते एकदा विचारा. ते नसतं बोलले तर...
नाही. बोललेच असते.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर मीटिंग. बुरशीबद्दल एक प्रश्न नाही. माझी बाजू हिरवी का, तेही नाही. फक्त मासळी.
ठरलं: माझ्याकडची माती उकरून फेकायची, नवी टाकायची, गोमूत्र शिंपडायचं. नाहीतर टाइल्स. उत्तर पुढच्या रविवारी.
ठरावाला शिर्केवहिनींचाही हात वर. वहिनींच्या घरच्या बांगड्याचा वास आमच्या मोरीपर्यंत येतो! "खाणं वेगळं, देवाचं वेगळं, काकू." डोळ्याला डोळा दिला नाही.
हे: "टाक ना उकरून. शांतता तरी." ह्यांनीही.

२१ ऑगस्ट
खुरप्याने कोपऱ्यात उचकून पाहिलं. मुळं वीतभर खाली गेलीत. कमिटीच्या बाजूला बोटभरसुद्धा नाहीत. ओढलं की चटईसारखं हातात येतं. माती काढली तर ही मुळं गेली. तीच लाल माती, तीच बुरशी, आणि पुढच्या पावसाळ्यात टाइल्स. नाही काढली तर आत्ताच टाइल्स.
संध्याकाळी जयंतीभाई दारात. "बेन, काय नक्की केला?"
म्हटलं, उत्तर उद्या. आत्ता पाच मिनिटं खाली चला, मुळं दाखवते.
"माफ करा बेन. मी त्याच्यावर पाय नाय ठेवणार."
दार लावून घेतलं. हे टीव्हीसमोर. ह्यांनी आवाज थोडा मोठा केला.